कॅम्पर व्हॅनसाठी चोरीविरोधी ट्रॅकर कोणता घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमची कॅम्पर व्हॅन (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) वर्षातले बरेच महिने नुसती उभी असते, म्हणून तिच्यात ट्रॅकर बसवायचे ठरवले आहे. मात्र नेमका कोणत्या प्रकारचा घ्यावा, याचा निर्णय होत नाही. गाडीच्या बॅटरीला जोडायच्या ट्रॅकरला चार्जिंगची कटकट नसते, पण तो उभ्या गाडीतही थोडी थोडी वीज ओढत राहतो आणि चोराने बॅटरीची तार काढली की, आत स्वतःची छोटी बॅटरी नसल्यास, तिथेच मुका होतो. ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीतील बिघाड तपासायचे यंत्र जोडण्याच्या खाचेत) खोचायचा प्रकार मी बादच केला आहे, कारण स्टिअरिंगखाली हात घातला की तो सहज उपटून काढता येतो.

ॲपलच्या एअरटॅगसारखा छोटा ब्लूटूथ टॅग लपवायला सोपा खरा, परंतु त्याचा ठावठिकाणा आसपासच्या फोनवर अवलंबून असतो. शिवाय अनोळखी टॅग सोबत फिरत असल्याची सूचना चोराच्याच फोनवर जाऊ शकते. (कोणी लपवलेल्या टॅगने आपला माग काढू नये म्हणून ही सोय आहे आणि ती योग्यच आहे, पण इथे नेमकी आड येते.) त्यामुळे सिम कार्डवर चालणारा ४जी ट्रॅकर मुख्य आणि टॅग जोडीला, असा माझा कल आहे.

ज्यांनी असा ट्रॅकर वापरला आहे त्यांनी कृपया सांगावे: पत्र्यामुळे जीपीएस सिग्नल अडू नये म्हणून तो डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकखाली बसवावा की मागच्या लाकडी कपाटाआड? आणि जोडणी इंजिनच्या बॅटरीला करावी की राहण्याच्या भागातील दिवे, फ्रीज चालवणाऱ्या दुसऱ्या बॅटरीला, जी सौर पॅनेलवर भरत राहते?