मदत हवी आहे : मुंगूस इंग्रजीत कोणत्या वाटेने गेलं?

मंडळी, पुतणीला इंग्रजी शिकवताना अडकलोय. 'मंगूस'चं अनेकवचन तिने 'मंगीस' केलं. गूसचं गीस होतं, मग याचं का नाही? रास्त प्रश्न! कोशात पाहिलं तर या शब्दाचा हंसाशी काडीचा संबंध नाही, तो आपल्या 'मुंगूस'वरूनच गेलाय, म्हणून अनेकवचन साधं 'मंगूसेस'. पोरगी खूश, मी त्याहून खूश.

पण आता मलाच झोप येईना. कन्नडमध्ये मुंगुसि, तेलुगूत मुंगिस. संस्कृतात मात्र नकुल आणि हिंदीत नेवला, म्हणजे आपल्याकडेही हा शब्द दक्षिणेकडूनच आलेला दिसतो. पोर्तुगीजमध्ये मांगुश्तु, फ्रेंचमध्ये मांगुस्त. 'मँगो' मलयाळममधून पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत पोचला, तसंच इथेही गोव्याच्या बाजूने झालं असेल का? की इंग्रजांनी थेट कोकणपट्टीत ऐकून उचलला?

१८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशाखेरीज कुठे पाहू? जुन्या पोर्तुगीज कागदांत हा शब्द वाचलेलं कुणी आहे का? आणि खास मराठीतूनच इंग्रजीत गेलेले आणखी शब्द सुचवा. हिंदीतून गेलेले नकोत, ते ढिगाने सापडतात.