मदत हवी आहे: एनएमसी रिव्हॅलिडेशनची चर्चा व्हिडिओ कॉलवर चालते का?

इंग्लंडमध्ये केअर होमला नर्स आहे. एनएमसीचं, म्हणजे इथल्या नर्स-नोंदणी संस्थेचं, दर तीन वर्षांचं रिव्हॅलिडेशन (नोंदणीचं नूतनीकरण) पुढच्या महिन्यात आहे. कामाचे ४५० तास, सीपीडीचे, म्हणजे कामासंबंधी शिकण्याचे, ३५ (त्यातले २० इतरांसोबत), पाच अभिप्राय, सगळं झालंय. पाच अनुभवही लिहिलेत. एक उशीखाली गोळ्या लपवणाऱ्या आजोबांचा, नाव-खूण न देता. तो लिहिताना मी खूप शिकले.

अडलंय या अनुभवांवरच्या चर्चेपाशी. ती एनएमसीत नोंदणी असलेल्या व्यक्तीशीच करावी लागते. इथे कायम नर्स मी एकटीच, बाकीच्या एजन्सीच्या, रोज नव्या. मॅनेजर नर्स नाहीत. ते कन्फर्मर (सगळं पूर्ण झाल्याची खात्री देणारी व्यक्ती) म्हणून चालतात, चर्चेला नाही. जुन्या वॉर्डातली मैत्रीण नोंदणीकृत आहे, पण दुसऱ्या शहरात. व्हिडिओ कॉलवर बोलून तिने फॉर्म भरून पाठवला, असं कोणी केलंय का? पुढे पडताळणीत काही विचारलं का?