मदत हवी आहे: टॅबवरून रीपर चालेना, उद्या सकाळी रेकॉर्डिंग

काळीपाच (रात्री ९:४०)
लॅपटॉपवरचं रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) मी वायफायवरून टॅबने चालवतो. परवापर्यंत व्यवस्थित चालत होतं. काल रात्रीपासून टॅबवर प्ले दाबतो, रेकॉर्ड दाबतो, लॅपटॉप ढिम्म. आयपी (लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता) बरोबर घातलाय, पोर्ट (त्या पत्त्यावरच्या दाराचा क्रमांक) बरोबर आहे, दोन्ही एकाच वायफायवर आहेत. सगळं तीनदा बंद-चालू करून झालं. उद्या १० वाजता गायिका कोल्हापूरहून मिरजेला येणार आहेत आणि मी अजून इथेच. जाणकारांनी लवकर सांगा. 'नवीन अमुक घ्या' हा सल्ला नको.

पाचपिनी (९:४८)
चालत नाही म्हणजे नक्की काय होतंय? विंडोज की मॅक? टॅबवर ॲप कोणतं? मिडी पाठवताय की ओएससी (संगीताच्या यंत्रांना निरोप द्यायच्या दोन भाषा)? पोर्टचे आकडे काय? 'बरोबर' हा आकडा नाही.

सतारीची_तार (९:५१)
रेकॉर्डिंगच्या कामात वायफायवर विसंबायचंच कशाला? मी यूएसबीचा छोटा कंट्रोलर वापरतो. चार वर्षांत एकदाही डोकेदुखी नाही. लांब केबल घ्या, विषय संपला.

काळीपाच (९:५५)
घ्या! पहिलाच सल्ला खरेदीचा.
अहो, लॅपटॉपच्या पंख्याची घरघर माइकमध्ये येते, म्हणून तो हॉलमध्ये ठेवलाय. मी आतल्या खोलीत. भिंतींना गोधड्या टांगल्यात, दाराच्या फटीत पायपुसणं कोंबलंय. केबल आत घेतली की दार लागत नाही. शिवाय साध्या यूएसबी केबलची मजल ५ मीटरची.
विंडोज ११, रीपर, टचओएससी. ओएससीच.

स्वरूपा_न्यूजर्सी (१०:०२)
मला अगदी हेच झालं होतं! सेटिंगमध्ये प्रायव्हसी, तिथे लोकल नेटवर्क, आणि टचओएससीसमोरचं बटण चालू करा. आयओएस १४ पासून ही परवानगी वेगळी द्यावी लागते. पहिल्यांदा विचारतं तेव्हा आपण घाईत नाही म्हणतो आणि विसरून जातो.

काळीपाच (१०:०४)
टॅब अँड्रॉइड आहे.

स्वरूपा_न्यूजर्सी (१०:०५)
अगं बाई. आधी लिहायचं ना!

निवृत्त_वायरमन (१०:०९)
टॅबवरून लॅपटॉपला पिंग करून (नेटवर्कवरून 'आहेस का?' अशी हाक मारून) बघा. उत्तर आलं नाही तर राउटर गेला समजा. आणि फायरवॉल (बाहेरून येणारं अडवणारा विंडोजचा पहारेकरी) बंद करा, निम्मे आजार तिथेच बरे होतात.

काळीपाच (१०:१६)
पिंगला उत्तर नाही. फायरवॉल पूर्ण बंद केली, तरी ढिम्म. आता रात्री सव्वादहाला राउटर कुठून आणू?

पाचपिनी (१०:२०)
राउटर आणू नका आणि फायरवॉल आत्ता परत चालू करा. बंद करूनही फरक पडला नाही, म्हणजे आपला चोर तिथे नाही, एवढं कळलं.
वायरमनकाका, विंडोजची फायरवॉल पिंगला बऱ्याचदा उत्तरच देऊ देत नाही. त्यावरून राउटरला फाशी कशी देता?

निवृत्त_वायरमन (१०:२३)
फायरवॉल बंद असतानाही उत्तर आलं नाही असं ते म्हणतायत. नीट वाचा.

काळीपाच (१०:२४)
पिंग आधी केलं, फायरवॉल नंतर बंद केली. परत पिंग केलं नाही.

पाचपिनी (१०:२६)
:)
आता उलटं करा. लॅपटॉपवरून टॅबला पिंग.

मात्रा_सोळा (१०:२९)
आवाज मागे पडत असेल तर बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ करा. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे जेमतेम २.७ मिलिसेकंद. मी तबला याच सेटिंगवर घेतो. आणि एएसआयओ ड्रायव्हरच वापरा, विंडोजचा साधा नको.

काळीपाच (१०:३१)
आवाज मागे पडत नाहीये. बटणच चालत नाहीये.
टॅबकडून पिंगला उत्तर येतंय, चारही वेळा.

पाचपिनी (१०:३४)
म्हणजे राउटर निर्दोष. काही राउटर, विशेषतः गेस्ट वायफाय, दोन उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत. ती शक्यताही गेली. आता रीपरमध्ये प्रेफरन्सेस, कंट्रोल/ओएससी/वेब, तिथे तुमची नोंद उघडा आणि लिसन दाबा. खिडकी उघडेल. टॅबवर प्ले दाबा. काही उमटतं का?

निवृत्त_वायरमन (१०:३७)
आमच्या वेळी ५ पिनांची मिडी केबल असायची. १९८३ पासून तीच, आजही चालते. सेकंदाला ३१,२५० बिट, १५ मीटरपर्यंत बिनघोर. खोचली की चालली. आयपी नाही, पासवर्ड नाही.

पाचपिनी (१०:३९)
काका, माझ्या नावातच पाच पिना आहेत, मला मिडी नका शिकवू. ओएससीही काही कालचं पोर नाही. नव्वदच्या दशकात बर्कलेला जन्मलं, १.० चा मसुदा २००२ चा. मिडीच्या फेडरला (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणाला) ० ते १२७ एवढ्याच पायऱ्या, इथे दशांशात किंमत जाते. दोघांची कामं वेगळी.

निवृत्त_वायरमन (१०:४०)
१२८ पायऱ्या मला जन्मभर पुरल्या.

कोकम_सरबत (१०:४२)
अवांतर: धागाकर्ते मिरजेचे म्हणजे तंबोरा घरचाच असणार! मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे कुठून येतात यावर कोणीतरी लिहा ना.

काळीपाच (१०:४४)
लिसनची खिडकी कोरी आहे. काहीही उमटत नाही.
(तंबोरा आहे. भोपळ्यांचं नंतर.)

पाचपिनी (१०:४६)
म्हणजे टॅबचा निरोप रीपरच्या दारापर्यंतच येत नाहीये. ओएससी बहुधा यूडीपी नावाच्या, साध्या टपालासारख्या पद्धतीने जातं, आणि त्याला पोचपावती नसते. पत्ता चुकला तरी टॅब तक्रार करणार नाही, निरोप फेकत राहील. आता सगळे आकडे जसेच्या तसे लिहा.

काळीपाच (१०:५१)
टचओएससी: होस्ट १९२.१६८.५६.१, सेंड ८०००, रिसीव्ह ९०००.
रीपर: डिव्हाइस आयपी १९२.१६८.१.५, डिव्हाइस पोर्ट ९०००, लोकल लिसन पोर्ट ८०००. लोकल आयपी १९२.१६८.५६.१ दिसतोय, तोच टॅबमध्ये घातलाय.
टॅबचा पत्ता १९२.१६८.१.७.
बघा, पोर्ट बरोबरच आहेत.

पाचपिनी (१०:५३)
पोर्ट बरोबर. पत्ते दोन्ही चुकलेत.
टॅब १९२.१६८.१ च्या गल्लीत आणि लॅपटॉप ५६ च्या गल्लीत कसा? १९२.१६८.५६.१ हा सहसा व्हर्च्युअलबॉक्सच्या (संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) होस्ट-ओन्ली अडॅप्टरचा, म्हणजे आभासी नेटवर्क कार्डाचा पत्ता. तो लॅपटॉपच्या पोटातच असतो, बाहेरून तिथे कोणी पोचत नाही. परवा लॅपटॉपवर काही टाकलंत का?

काळीपाच (१०:५८)
मी नाही. भाचा आला होता, कॉलेजच्या लिनक्सच्या प्रॅक्टिकलसाठी त्याने काहीतरी टाकलं. विचारलं आत्ता. व्हर्च्युअलबॉक्सच.
आणि काल दुपारी वीज गेली होती. आल्यावर टॅब जोडेना, म्हणून रीपरमध्ये दिसला तो नवा पत्ता टाकला. हे सांगायला हवं होतं का?

पाचपिनी (११:००)
नऊ चाळीसला सांगायला हवं होतं!
वीज गेली, राउटर नव्याने सुरू झाला, त्याने पत्ते नव्याने वाटले. एवढंच असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण भाच्यामुळे लॅपटॉपला दोन अडॅप्टर झाले आणि रीपरने त्यातला भलता दाखवला. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग टाइप करा. वायफाय अडॅप्टरखाली आयपीव्ही४ चा जो आकडा दिसेल तो टॅबच्या होस्टमध्ये घाला.

काळीपाच (११:०६)
१९२.१६८.१.११ निघाला. घातला. लिसनमध्ये /प्ले उमटलं!! आणि रीपर पळायला लागलं!!!
पण लॅपटॉपवर फेडर हलवला तर टॅबवरचा हलत नाही. आधी हलायचा.

पाचपिनी (११:०८)
कारण रीपर अजून .५ ला पाठवतंय आणि टॅब .७ वर बसलाय. डिव्हाइस आयपी बदला. जाण्याचा रस्ता वेगळा, येण्याचा वेगळा, दोन्ही आपणच सांगायचे.

काळीपाच (११:१२)
हलला. आत गोधड्यांत बसून लिहितोय. दार बंद, रेकॉर्ड दाबलं की टॅबवर लाल दिवा लागतो. पाचपिनी, साष्टांग दंडवत.

पाचपिनी (११:१४)
फायरवॉल चालू केलीत का?
आणि राउटरच्या पानावर जाऊन लॅपटॉप आणि टॅब, दोघांचे पत्ते राखून ठेवा, डीएचसीपी रिझर्व्हेशन म्हणतात त्याला. नाहीतर पुढच्या वीज जाण्याला परत इथेच भेटू.

काळीपाच (११:१५)
केली चालू. रिझर्व्हेशन उद्या रेकॉर्डिंगनंतर. आता काहीही हलवायची हिंमत नाही.

सतारीची_तार (११:१७)
दीड तास गेला. केबल असती तर एव्हाना झोपला असतात.

काळीपाच (११:१८)
दार लागत नाही हो!

स्वरूपा_न्यूजर्सी (११:२१)
वाचनखूण साठवली. भाच्याला ओरडू नका, लिनक्स शिकतोय बिचारा.

निवृत्त_वायरमन (११:२४)
पिंग करायला मीच सांगितलं होतं, एवढं लक्षात असू द्या.

ढोलीबाजा (११:३०)
धागा वर आलाच आहे तर माझंही बघा. डिजिटल मिक्सरला टॅब जोडलाय, स्वतः बनवलेला लेआउट आहे. टॅबवरून फेडर चालतात. पण मिक्सरवर हलवले तर टॅबवर थोडा वेळ दिसतात आणि मग थांबतात. आयपी बरोबर आहे.

पाचपिनी (११:३३)
मिक्सर कोणता ते लिहिलंच नाहीत. बेहरिंगर एक्स३२ असेल तर पोर्ट १००२३, आणि एक्सरिमोट नावाचा संदेश दर दहा सेकंदांच्या आत पुन्हा पाठवावा लागतो, नाहीतर तो बदल कळवणं थांबवतो. बहुतेक तेच. पण वेगळा धागा काढा, आणि त्यात सगळे आकडे लिहा. मी झोपतो.