मुलांच्या दातांवरचं किटण: आठव्या वर्षी स्केलिंग करावं का?

मोगरा:
मुलगी ८ वर्षांची. खालच्या पटाशीच्या दातांना आतून पिवळा, टणक थर आहे, ब्रश करताना रक्त येतं. डेंटिस्टनी स्केलिंग, म्हणजे हे किटण काढून टाकणं, सुचवलंय. घरचे म्हणतात, त्याने दात हलतात. करावं का? आणि दर किती महिन्यांनी?

ओसरी:
जरूर करा. जिभेखालच्या लाळग्रंथी तिथेच उघडतात, म्हणून किटण आधी तिथे धरतं. जंतूंच्या चिकट थरात लाळेतले क्षार बसले की तो टणक होतो, मग ब्रशने निघत नाही. त्याच्या खरखरीतपणावर नवा थर भराभर साचतो आणि हिरडी सुजते. दुखणं हिरडीपुरतंच असेल आणि हाड शाबूत असेल, तर थर काढल्यावर हिरडी पूर्ववत होते. म्हणूनच थांबू नका.

स्केलरचं टोक दात कापत नाही. बारीक कंपनांनी किटण सुटतं, पाण्याचा फवारा चालू असतो. किटण थोडं असेल तर हाताच्या अवजारानेही निघतं. या वयात दुधाचे दात तसेही हलतात, दोष मात्र स्केलिंगला लागतो!

तपासणी ६ महिन्यांनी. तारा लावलेल्या, तोंडाने श्वास घेणाऱ्या किंवा मधुमेह असलेल्या मुलांची ३ महिन्यांनी. स्केलिंग मात्र किटण असेल तरच, दर भेटीत नाही.

पाणवठा:
ओसरी यांच्याशी सहमत, पण रात्रीचा ब्रश सुधारला नाही तर किटण पुन्हा धरेल. अजून काही महिने तो तुम्हीच करा. मऊ ब्रश हिरडी आणि दात मिळतात तिथे ४५ अंशांत तिरका धरून हलकेच फिरवा. खालच्या पुढच्या दातांना आतून ब्रश उभा धरा. २ मिनिटं, वाटाण्याएवढी १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट. नंतर फक्त थुंकायचं, चुळा नाहीत. रक्त येतं म्हणून ती जागा सोडली की सूज वाढते, ही चूक फार घरांत होते. मिश्री, कोळशाची पूड अजिबात नको.

मोगरा:
आणि हिरडीलगत काळी रेघ असेल तर?

ओसरी:
बहुधा रंग तयार करणाऱ्या जंतूंचा डाग, पॉलिशने जातो, पण परत येतो. लोहाच्या सिरपनेही दात काळे पडतात. कीड नाही ना, एवढं तपासून घ्या. स्केलिंगनंतर दोन आठवड्यांतही रक्त थांबलं नाही, किंवा दुधाचे दात वयाआधीच हलू लागले, तर बालदंतवैद्यांना दाखवा. फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल तर तेही सांगा, त्याने हिरड्या वाढतात. गोळी मात्र आपण होऊन बंद करू नका.