अनुभव धागा: कोहळ्याची झणझणीत भाजी तुमच्या घरी कशी होते?

हिंगणघाटची वहिनी (धागाकर्ती)

यंदा वाडीतल्या वेलानं गोठ्याचं छपर पार झाकून टाकलं. दसऱ्यानंतर घरात कोहळी इतकी झाली, की आलेल्या पाहुण्याला एक मोठी फोड दिल्याशिवाय सोडत नाही. कोहळं म्हणजे लाल भोपळा बरं का. पांढऱ्या कोहळ्याचे सांडगे नि पेठा हा वेगळा विषय, त्यासाठी वेगळा धागा काढा.

आमच्याकडची पोरं घरात कोहळ्याची भाजी पाहिली की नाक मुरडतात. गोड लागते म्हणे, गिळगिळीत होते म्हणे. आणि हीच पोरं लग्नाच्या पंगतीत बाकरभाजी (बाकर म्हणजे भाजून वाटलेला कोरडा मसाला, त्यातली कोहळ्याची भाजी) दोनदा मागून घेतात. त्यामुळे दोष कोहळ्यात नाही, मसाल्यात आणि आचेत आहे, असं माझं ठाम मत झालंय. साग्रसंगीत कृती नको, अनुभव सांगा. कोहळं कसं निवडता, साल ठेवता की काढता, गूळ घालता का, कशाबरोबर खाता.

आधी माझं. बाकर मी सासूबाईंकडून शिकले. सुकं खोबरं, खसखस, चारोळी, धणे, जिरं, कलमी (दालचिनी), लवंग, एखादं तेजपान. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, मंद आचेवर. खसखस सगळ्यात शेवटी, कढईखालचा जाळ ओढून घेतल्यावर, कारण ती डोळ्यादेखत करपते आणि मग सगळा बाकर कडसर होतो. खोबरं बदामी रंगावर आलं की थांबायचं. वाटताना पाणी नाही. पाट्यावर वाटलं तर उत्तम, मिक्सरमध्ये करत असाल तर थांबून थांबून फिरवा, नाहीतर खोबऱ्याचं तेल सुटून गोळा होतो. चारोळी मात्र मी वाटत नाही, अख्खीच वरून घालते. दाताखाली आली पाहिजे.

फोडी सालासकट, चांगल्या दोन बोटं रुंद. तेलात मोहरी, हिंग, थोडा मेथीदाणा. मेथीदाणा विसरू नका, कोहळ्याच्या गोडीला लगाम तोच घालतो. मग हळद (आमच्या जिल्ह्यातली वायगावची, भौगोलिक मानांकन मिळालेली, उगाच मिरवत नाही, रंगच तसा येतो), तिखट, मीठ आणि फोडी. वर ताट झाकून ताटात पाणी. भाजीत पाण्याचा थेंब नाही. फोडी अर्ध्या शिजल्या की बाकर, सुपारीएवढा गूळ, चिंचेचा कोळ. सराट्यानं (उलथण्यानं) खालून उचलायचं, ढवळायचं नाही. वरून सांबार (कोथिंबीर) भरपूर.

दारव्ह्याचा आचारी

ताई, रामराम. मी लग्नाचा सैपाक करतो. पंगतीतली भाजी चांगली लागते थे काही जादू नोहोय. आमचं कोहयं जुनं असते. दिवाईच्या टायमाले तोडलेलं, उनायातल्या लग्नात फोडलेलं. ठेवून ठेवून त्याच्यातलं पानी कमी होते, पिठाची साखर होते, गर घट्ट येते. फोड मोडत नाही. तुमी आज वेलावरून तोडता अन् आजच गंजात (पातेल्यात) टाकता, मंग पोट्टे पचक (बेचव) म्हनतीन नाही तं काय?

घेतांनी देठ पाहा. देठ वायलेला पाह्यजे अन् कोहयाले लागूनच पाह्यजे. देठ मोडलेलं कोहयं तिथूनच सडते. सालीले नख लावा. रुतलं का समजा कवयं हाय, ते भाजीले नोको, भज्याले घ्या. घरी आनलं का खाली पोतं नाही तं तनीस (धानाचा पेंढा) टाकून कोरड्या हवेशीर जागी ठेवा, एकमेकाले टेकू देऊ नोका.

दुसरी गोष्ट तेल. तेलाले हात आखडला का बाकर फोडीले धरत नाही, खाली बसते. अन् मीठ मी शेवटी टाकतो. पयले टाकलं का पानी सुटते अन् भाजीचा मेन (लगदा) होते.

हिंगणघाटची वहिनी

भाऊ, जुनं कोहळं हे पटलं. मिठाचं नाही पटलं हो. सासूबाई मीठ आधीच घालायच्या, फोडी आपल्याच पाण्यात शिजाव्यात म्हणून. घरच्या चार माणसांच्या भाजीत तसंच बरं. तुमच्या डेगेतली गोष्ट वेगळी.

साकोलीचा धानवाला

आमच्याकडं भाकरीचं काम नाही जी, भात लागतो. त्यामुळं सुकी बाकरभाजी सणावारालाच, एरवी कोहळ्याचा रस्सा. भंडारा-गोंदियाकडं मालगुजारी तलाव (मालगुजारांच्या काळातले जुने गावतलाव) गावोगाव आहेत, त्यातले झिंगे (बारीक कोळंबी) उन्हात वाळवून ठेवलेले असतात. आई ते तव्यावर कोरडे भाजायची, टोकं नि मिशा चोळून पाखडून टाकायची, आणि लसूण-मिरचीच्या वाटणात परतून मग कोहळ्याच्या फोडी घालायची. खारट झिंगा आणि गोड कोहळं, वरून लाल मिरची. ज्यानं खाल्लं नाही त्याला सांगून कळायचं नाही.

एक महत्त्वाचं. झिंगे टाकले तर मीठ हात राखून. आणि गूळ अजिबात नाही. शाकाहारी मंडळींनी हा परिच्छेद वाचलाच नाही असं समजावं.

वरूडची मास्तरीण

बाकर, तिखट, कोहळं हे सगळं आपण पिढीजात वऱ्हाडी म्हणून मिरवतो. वर्गात मुलांना मी सांगते, की लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला आणि मिरचीही तिकडचीच. पोर्तुगीज समुद्रमार्गानं आल्यावर, १६व्या शतकापासून पुढं, ही पिकं आपल्याकडं रुजली. मुलं लगेच विचारतात, मग त्याआधी पोळ्याच्या सणाला काय करायचे? त्याला उत्तर, धणे, जिरं, तीळ, मिरे, जवस आपल्याकडं फार आधीपासून होतेच, म्हणजे बाकराचा सांगाडा तयार होता.

भाजीबद्दल: मी साल काढते. वहिनींचा राग पत्करून काढते. जून सालीचा चिवट तुकडा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना चावत नाही. साल काढलेल्या फोडी मोडू नयेत म्हणून आधी तेलात मोठ्या आचेवर कडा लालसर होईपर्यंत परतून बाजूला काढते, फोडणी वेगळी करते, बाकर वेगळा परतते आणि शेवटी सगळं एकत्र. भांडी जास्त पडतात. पडू देत.

नवी शेतकरीण

माझ्या वेलाला फुलं भरपूर, फळ एक नाही. भाजी कशाची करू? काही उपाय?

वरूडची मास्तरीण

विषयांतर आहे, पण सांगते. सुरुवातीला नरफुलंच जास्त येतात. लांब बारीक दांड्याचं ते नर, पाकळ्यांखाली इवलंसं कोहळं दिसतं ते मादी. फूल एकाच सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. मधमाश्या नसतील तर सकाळी लवकर नरफूल तोडून, पाकळ्या काढून, त्याचा पराग मादीफुलाच्या मध्यभागी हलके फिरवा. फुलोऱ्यात सकाळची फवारणी टाळा, मधमाश्या मरतात. उरलेल्या नरफुलांची बेसन लावून भजी करा, तोवर तीच भाजी.

गल्लीतली एकटी

मी फारशी लिहीत नाही, पण कोहळ्याचं नाव पाहून राहवलं नाही. आमच्या गावात अख्खं कोहळं बाईनं फोडायचं नाही. पहिला घाव पुरुषाचा, मग बाईनं चिरावं. हे गेल्यावर कोहळं फोडायला मी शेजारच्या पोराला हाक मारायची. तो कधी शेतात, कधी बाजारात. कोहळं आठवडाभर देवळीत (भिंतीतल्या कोनाड्यात) बसून असायचं. पितृपक्षात तर ह्यांच्याच पानासाठी भाजी करायची आणि ती फोडायला माणूस शोधत फिरायचं. एका वर्षी मी कोयता घेतला आणि फोडलं. सासूबाई ओसरीवर होत्या. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "बिया ठेव, फेकू नको." बस, एवढंच.

पितरांच्या पानाची भाजी आमच्याकडं कांदा-लसणाशिवाय. आलं, हिरवी मिरची, जिरं, ओलं खोबरं, थोडा गूळ. बरोबर कढी आणि वडे. ती तिखट नसते, पण मला तीच सगळ्यात आवडते. बिया धुऊन राखेत चोळून वाळवते. निम्म्या पुढच्या मृगाला लावायला, निम्म्या भाजून सोलून चटणीत.

कोयता वापरणाऱ्या बायकांसाठी: घाव देठावर नको, देठाच्या बाजूला, खाचेत घाला. खाली गोणपाट ठेवा म्हणजे कोहळं घरंगळत नाही.

हिंगणघाटची वहिनी

ताई, लिहीत जा. आमच्या सासूबाई असत्या तर त्याही बियांचंच बोलल्या असत्या.

पाटीलवाडा

बाकरभाजी एकच खरी. बाकी सगळा भोपळ्याचा लगदा. आणि सावजी मसाला कोहळ्यात घालणाऱ्यांना धाग्यावर प्रवेश नसावा.

वाशीमचा दुबईकर

पाटील, मी तर बाकरच बदलला आहे, मला बाहेरच काढाल. इथं दुबईत खसखस बाळगणं कायद्यानं गुन्हा आहे. गावाहून येणाऱ्यांनी बाकराचा तयार मसाला बॅगेत घालून आणू नये, घरच्या माणसांना पहिलं हेच बजावून ठेवलंय. मी खसखशीच्या जागी मगज (कलिंगडाच्या सोललेल्या बिया) आणि पांढरे तीळ घेतो. दाटपणा मगज देतो. खसखशीचा तो मातकट सुगंध मात्र येत नाही, त्याची आशा धरू नका.

कोहळं म्हणून इथं बटरनट मिळतं, लांबट, पिवळट सालीचं. गर घट्ट, रेषा कमी, पाणी बेताचं. बाकराला चांगलं जुळतं, पण आपल्या कोहळ्यापेक्षा गोड. म्हणून गूळ बंद, चिंच दुप्पट, आणि भिवापुरी मिरचीचं तिखट आई पाठवते ते. खोलीतला केरळचा मित्र पहिल्या घासाला पाणी पितो आणि मग पोळी संपेपर्यंत बोलत नाही.

अकोला टू पुणे

कुकरमध्ये करायची असेल तर शिट्टी घेऊ नका. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली फोड मंडईतून आणतो, ती आधीच ओलसर असते. पसरट कढई आणि मोठी आच, हाच उपाय. घरमालकीणबाई मसाल्याच्या वासावर कुरकुरायच्या, आता वाटी घेऊन येतात.

प्रश्न आहे

परवा कापलेल्या कोहळ्याची एक फोड चाखली तर एकदम कडू. मसाला जास्त घातला तर कडूपणा जाईल का?

वरूडची मास्तरीण

नाही, आणि खाऊ पण नका. भोपळवर्गातल्या फळांत कधीकधी कुकरबिटासिन नावाचं कडू द्रव्य तयार होतं. शिजवून किंवा मसाल्यानं ते जात नाही आणि उलट्या-जुलाब होऊ शकतात. अख्खं कोहळं टाकून द्या, गुरांनाही घालू नका. त्याच्या बियाही लावू नका. चिरताना एक कच्चा तुकडा जिभेला लावून पाहायची जुनी सवय आहे ना, ती ह्यासाठीच.

मोर्शीची काकू

सगळे बाकराचंच लिहिताहेत, म्हणून रोजची भाजी सांगते. रोज कोण खसखस भाजणार? शेतात जायच्या घाईत माझी भाजी अशी: लसूण ठेचून, हिरव्या मिरच्या, शेंगदाण्याचा कूट, जवसाची चटणी मूठभर. अंबाडीची पानं मिळाली तर चार पानं चिरून टाकायची, चिंचेची गरज पडत नाही. ज्वारीची भाकर, कच्चा कांदा. डब्यात दुपारपर्यंत भाजी मुरते आणि सकाळपेक्षा बांधावर जास्त चांगली लागते. मजूर बायका आपल्या डब्यातली वांग्याची भाजी देऊन ही घेतात, आणखी काय पाहिजे.

आणि पोरांचं म्हणाल तर, वहिनी, पोरांना भाजी म्हणून वाढूच नका. कोहळं किसून, गूळ घालून, कणकेत भिजवून बोंडं तळा. एकदा कोहळ्याशी ओळख झाली की भाजी आपोआप खातात. माझ्या नातवानं अशीच सुरुवात केली.

हिंगणघाटची वहिनी

काकू, बोंडं रविवारी करते. आचारीभाऊ, शेवटचा प्रश्न तुम्हाला. वैशाखात पुतणीचं लग्न आहे, घरचीच कोहळी ठेवायची म्हणतेय. शंभर पानांना किती लागतील?

दारव्ह्याचा आचारी

ताटात दोन भाज्या अजून असतीन तं १५ किलो धरा. सालासकट वजन, बिया-गाभा काढून. घरात ठेवलेल्याईतले दोन-चार सडतीनच, म्हनून १० किलो वरचे ठेवा. दर पंधरा दिवसांनी उचलून बूड पाहत जा, मऊ लागलं का त्याच दिवशी फोडा. चारोई होयीच्या नंतर घ्या, नवी येते. अन् खसखस उधारीत आनू नोका, निवडून घ्या, रेती निंगते.