वजन 118 किलो, नायट्रोत बसू देतील का?

सातारी_बंड्या
येत्या शनिवारी खोपोलीच्या इमॅजिका पार्कला ग्रुप चाललाय, तिथल्या नायट्रो रोलर कोस्टरवर बसायचंय. वजन 118, उंची 5 फूट 8, पोट सुटलेलं. रांगेत ताटकळून वर गेल्यावर चारचौघांत 'उतरा' ऐकायचं नाही. किती किलोपर्यंत चालतं?

रूळबहाद्दर
किलोवर जाऊ नका, प्रश्न घेराचा आहे. नायट्रो ही बी अँड एम कंपनीची फ्लोअरलेस कोस्टर, म्हणजे पायाखाली फळी नसलेली. खांद्यावरून हार्नेस (सीटला धरून ठेवणारी चौकट) खाली येतो आणि त्याचा पट्टा मांड्यांच्या मध्ये सीटला अडकतो. पट्टा मुद्दामच आखूड ठेवतात, तीच मोजपट्टी. तो पोचला नाही तर हार्नेस लॉक झाला तरी उतरावंच लागतं. म्हणून 125 किलोचा उंच गडी बसून जातो आणि छाती-पोट भरलेला 105 किलोचा अडकतो.

आधी बूड पार मागे सरकवा, पाठ टेकवा, मगच हार्नेस ओढा. पुढे घसरून बसलं की पोट वर येतं आणि नेमकी तीन-चार बोटं कमी पडतात. मोबाईल, पाऊच, जाड बक्कल काढून ठेवा. बाहेर टेस्ट सीट असेल तर रांगेआधीच बसून बघा, नसेल तर गेटवरच विचारा.

मधुरा_के
श्वास रोखून एक क्लिक जास्त मारली तर? ऑपरेटरही दाबतातच की.

रूळबहाद्दर
ऑपरेटर हार्नेस ओढून-दाबून तपासतो, ते वेगळं. श्वास रोखून लावलात तर पूर्ण फेरीभर छाती आवळलेली राहील.

घिरट्या
आणि 'लॉक झालं' म्हणजे 'बसलं' नव्हे. 24 मार्च 2022 चा अपघात, अमेरिकेतल्या ऑर्लँडोचा फ्री फॉल टॉवर (उंचावरून सीट खाली सोडणारी राइड): निर्मात्याच्या मॅन्युअलमध्ये कमाल 130 किलो, बसलेला मुलगा त्याहून बराच जड. त्या सीटचा सेन्सर हाताने सैल केलेला, त्यामुळे हार्नेस आणि सीटमध्ये साधारण 3 इंचांऐवजी 7 इंचांच्या आसपास फट असूनही यंत्रणेने सीट 'लॉक' धरली. वेगळा पट्टा नव्हताच. खाली ब्रेक लागताना तो फटीतून निसटला.

लॅप बारवाल्या, म्हणजे खांद्याऐवजी मांडीवर दांडा येणाऱ्या राइडवर उलटी भानगड. बार मांड्यांवर टेकायला हवा, पण तो पोटावरच अडतो आणि मांड्या मोकळ्या राहतात. बार आणि मांडीच्या मध्ये हात घालून बघा. मूठ जात असेल तर ऑपरेटरला हाक मारा.

सातारी_बंड्या
वॉटर पार्कचं काय?

रूळबहाद्दर
ट्यूबवाल्या स्लाइडला सगळ्यांचं मिळून वजन धरतात, वर पाटी असते. दोन जाडे एका ट्यूबमध्ये नकोत. आणि मिसळ नायट्रोनंतर, आधी नाही.