घटस्फोटाचे कोर्टातले कागद कुणालाही बघता यायला हवेत का? (भाचीच्या स्थळावरून सुरू झालेला वाद)

कोथरूडचा_मामा
भाचीसाठी स्थळ बघतोय. तिचं दुसरं लग्न. पहिलं अडीच वर्षात मोडलं, सगळं रीतसर झालं, हुकूमनाम्याची (घटस्फोट मंजूर केल्याच्या कोर्टाच्या आदेशाची) सही शिक्क्याची नक्कल घरात प्लास्टिकच्या फोल्डरमधे आहे. आता जो मुलगा आलाय तोपण घटस्फोटित. नोकरी पक्की, बोलायला नीट, भाचीलाही बरा वाटला. पण कागद बघू म्हटलं तर त्याच्या वडिलांनी व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला, निकालपत्राचं शेवटचं पान, तेही अर्धंच, आणि खालच्या तारखेवर त्यांचा अंगठा आलाय. पुन्हा मागितला तर म्हणे मूळ कागद सापडत नाहीये.

मग म्हटलं आपणच शोधू. ई-कोर्टच्या साईटवर मुलाचं नाव तीन-चार स्पेलिंगने टाकून बघितलं, वर्ष बदलून बघितलं, त्यांच्या जिल्ह्यात काहीच नाही. तिथल्या कोर्टात ओळखीच्या माणसाला पाठवलं तर नक्कल विभागात पहिला प्रश्न, तुम्ही पक्षकार आहात का? नाही म्हटल्यावर वकील लावा, अर्ज करा, प्रतिज्ञापत्र द्या, साहेबांची परवानगी आणा.

मला हे पटत नाही. जमीन घ्यायची म्हटली तर सातबारा घरबसल्या बघता येतो, फ्लॅटची इंडेक्स टू काढता येते. लग्न करताना चारशे पानं उठवतो आपण, गावभर पत्रिका वाटतो, आणि मोडलं की एकदम गुपित? माझं म्हणणं, घटस्फोटाचं रेकॉर्ड सगळ्यांना खुलं पाहिजे. फी घ्या, ओळखपत्र घ्या, पण द्या. तुम्हाला काय वाटतं?

काडीपेटी
मामा मुलीच्या बाजूने आहात म्हणून पटत नाही. उद्या मुलाकडचा मामा तुमच्या भाचीचे कागद मागायला आला की बघू.

बार्शीचा_गडी
मामाला शंभर टक्के पाठिंबा. माहिती अधिकारात टाका अर्ज, दहा रुपयात काम.

साधीसुधी
पूर्ण विरोध. आणि हे मी वाचीव माहितीवर नाही सांगत, माझी स्वतःची फाईल आहे एका कोर्टाच्या रेकॉर्ड रूममधे म्हणून सांगते.

नवऱ्याने केस टाकली तेव्हा त्याच्या वकिलाने काय काय लिहिलं माहितीये? मी मानसिक रुग्ण आहे, माझं बाहेर कुणाशीतरी आहे, सासूला जेवायला देत नाही, आणि मी पण उत्तरात कमी नाही लिहिलं, माझ्या वकिलानेही हात सैल सोडला, नंतर वाचून मलाच लाज वाटली. मग सहा-सात तारखांनंतर समुपदेशकाकडे बसून तडजोड झाली आणि संमतीने घटस्फोट झाला. आता गंमत बघा, ते सगळे आरोप खोटे आहेत असं कोर्टाने कुठेही म्हटलेलं नाही, कारण पुरावा झालाच नाही, साक्ष झाली नाही, निकाल फक्त एवढाच की दोघांची संमती आहे आणि लग्न संपलं. पण तो गठ्ठा तिथेच आहे. उद्या माझ्या मुलीच्या लग्नाच्या वेळी कुणा मामाने फी भरून ती फाईल काढली तर तो काय वाचणार? आजी उपाशी मरत होती हे वाचणार.

सातबाऱ्याशी तुलना करू नका प्लीज. सातबाऱ्यात जमीन भांडकुदळ आहे असं कुणी लिहीत नाही.

कोथरूडचा_मामा
साधीसुधी ताई, तुमचं दुःख समजतं. पण मला आरोप वाचायचेच नाहीत. मला एवढंच बघायचंय की लग्न कायद्याने संपलंय की नाही. उद्या पहिली बायको दारात उभी राहिली तर माझ्या भाचीचं लग्नच रद्दबातल, हा काय लहान धोका आहे का?

साधीसुधी
मग वर "रेकॉर्ड सगळ्यांना खुलं" असं का लिहिलंत? रेकॉर्ड म्हणजे अख्खी फाईल.

वकिलीण_बाई
दोन्हीकडच्या गोष्टी मिसळतायत म्हणून थोडं लांबलचक लिहिते. मी कौटुंबिक न्यायालयातच असते.

आधी माहिती अधिकाराचं. नाही चालत. २०२० मधे सुप्रीम कोर्टाने गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात स्पष्ट केलंय की केसमधल्या कागदांच्या नकला हायकोर्टाच्या नियमांनीच मागायच्या, माहिती अधिकारातून नाही. आणि पक्षकार नसलेल्या माणसाने कारण सांगून, प्रतिज्ञापत्र देऊन अर्ज करायचा. म्हणजे मामांना खिडकीवर जे सांगितलं ते त्या कारकुनाने स्वतःच्या मनाने नाही सांगितलं. लग्नाच्या केसेसना त्यात आणखी एक कुलूप आहे, हिंदू विवाह कायद्याचं कलम २२. सुनावणी बंद दाराआड आणि त्यातलं काहीही छापायचं नाही, हायकोर्ट-सुप्रीम कोर्टाचा निकालसुद्धा परवानगीनेच. दंड मात्र अजून हजार रुपयेच, १९५५ ला हजार म्हणजे हजार होते.

आता शोधण्याचं. मामा, तुम्ही मुलाच्या जिल्ह्यात शोधलंत, तिथेच चुकलात. केस कुठेही असू शकते, लग्न जिथे लागलं तिथे, दोघं शेवटी जिथे एकत्र राहिले तिथे, समोरचा पक्षकार राहतो तिथे, आणि बायकोने केली असेल तर ती माहेरी राहते तिथे. मुलगा सांगलीचा, लग्न लातूरला आणि केस ठाण्याला असं सर्रास असतं. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे हिंदू मॅरेज पिटिशन म्हणून असते, मुंबईत ए पिटिशन असते किंवा संमतीची असेल तर एफ पिटिशन. नावाने शोधणं म्हणजे जुगार आहे, स्पेलिंग वेगळं, वडिलांचं नाव आधी, बायकोचं माहेरचं नाव. सोळा अक्षरी सीएनआर नंबर मागा, म्हणजे प्रत्येक केसचा ई-कोर्टवरचा स्वतःचा नंबर. तो असेल तर एका मिनिटात केस दिसते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, साईटवर केस "निकाली" दिसली म्हणजे घटस्फोट झाला असं अजिबात नाही!! केस मागे घेतली तरी निकाली, तारखेला कुणी आलं नाही म्हणून काढून टाकली तरी निकाली, फेटाळली तरी निकाली. मी अशी एकेक माणसं बघितलीयेत की त्यांना स्वतःलाच वाटत होतं आपला घटस्फोट झालाय.

बार्शीचा_गडी
अरे बापरे. आमच्याकडे तर कोर्टच नाही मधे. पंच बसतात, शंभरच्या स्टॅम्पवर सोडचिठ्ठी लिहायची (आता पाचशेचा झाला), नोटरीचा शिक्का, दोन्हीकडचे दोन दोन साक्षीदार, भांडी परत, झालं. माझ्या चुलत भावाचं असंच झालं आणि दुसरं लग्न होऊन पोरं पण शाळेत जातायत. त्याचं रेकॉर्ड मामा कुठल्या कोर्टात शोधणार?

वकिलीण_बाई
कुठल्याच नाही, कारण तो घटस्फोटच नाही. काही समाजात रूढीने काडीमोड चालते आणि कायद्याने ती रूढी राखलीय, पण ती रूढी आहे हे वेळ आली की सिद्ध करावं लागतं, आणि ते सोपं नसतं. नुसता नोटरीचा शिक्का मारून लग्न मोडत नाही. तुमच्या भावाला कुणीतरी चांगला वकील गाठायला सांगा, घाबरवत नाहीये.

कोथरूडचा_मामा
बघा! हेच म्हणतोय मी. लोक स्टॅम्पपेपर दाखवून फसवतायत आणि खऱ्या कागदाला कुलूप. मग सामान्य माणसाने खात्री करायची कशी?

एडिसनकर
इकडचं सांगतो. न्यू जर्सीत घटस्फोटाची फाईल सुपिरियर कोर्टाची असते आणि सहसा कुणीही फी भरून मागवू शकतो, पैशांच्या माहितीचा जो फॉर्म असतो तो तेवढा गोपनीय. टेक्साससारख्या राज्यात पण काउंटीच्या क्लार्ककडे मिळतं. पण नदीपलीकडे न्यूयॉर्कमधे फाईल शंभर वर्षं बंद, पक्षकार आणि त्यांचे वकील सोडून कुणाला नाही. पंधरा मैलांवर नियम उलटा. म्हणजे "अमेरिकेत सगळं खुलं असतं" हे पण अर्धवट आहे.

माझा स्वतःचा इथेच झाला. तेव्हा वाटलं काय फरक पडतो. मग एका माणसं-शोधा छाप वेबसाईटवर माझं नाव, जुना पत्ता, एक्सचं नाव, सगळं एका पानावर बघितलं. दुसऱ्या लग्नाच्या वेळी बायकोच्या भावाने ते आधीच वाचलेलं होतं आणि मला कौतुकाने सांगितलं. तरी मी मामांच्याच बाजूचा आहे खरंतर, लपवाछपवी नको. फक्त फुकट आणि एका क्लिकवर नको. माणूस खिडकीपर्यंत चालत गेला पाहिजे.

काडीपेटी
म्हणजे गोपनीयता म्हणजे रिक्षाभाडं.

एडिसनकर
हसू नका, खरंच तसंच आहे. चालत जाणारा मामा एकच असतो, क्लिक करणारी अख्खी सोसायटी.

म्हापशेकार
आमच्या गोव्यात ह्यातली अर्धी डोकेदुखी नाही. लग्न सिव्हिल रजिस्ट्रारच्या दप्तरात लागतं, आणि घटस्फोट झाला की कोर्टाच्या आदेशावरून त्याच नोंदीवर तसं लिहिलं जातं. दाखला काढला की कळतं. कोण कोणाला जेवायला देत नव्हतं ते त्यात नसतं. महाराष्ट्रात लग्नाचा दाखला एका ऑफिसात आणि मोडल्याचा दुसऱ्याच कोर्टात, दोघांची भेटच नाही. घटस्फोट होऊन दहा वर्षं झाली तरी जुना दाखला कोरा करकरीत, वापरायचा असेल तर कुणीही वापरावा.

कोथरूडचा_मामा
म्हापशेकार, तुम्ही माझ्या मनातलं बोललात. मला हेच पाहिजे. एक ओळ.

साधीसुधी
एका ओळीला माझी हरकत नाही. लग्न अमुक तारखेला संपलं, अमुक कोर्ट, अमुक नंबर, बस. पण सकाळी तुम्ही हे म्हणत नव्हतात मामा, धाग्याचं नाव बघा वरती. आणि काडीपेटीने पहिल्याच प्रतिसादात जे विचारलं त्याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही. तुमच्या भाचीची फाईल त्या मुलाच्या काकाने वाचलेली चालेल का? हो की नाही तेवढंच सांगा.

बार्शीचा_गडी
मामा ऑनलाईन दिसतायत पण गप.

वकिलीण_बाई
तोपर्यंत एक सांगते. "मूळ कागद सापडत नाही" हे कारण मला कधीच पटत नाही. हिंदू विवाह कायद्यातच आहे की घटस्फोट झाला की कोर्टाने हुकूमनाम्याची एक प्रत दोघांनाही फुकट द्यायची. हरवली तर पक्षकाराला दुसरी काढायला कुणाची परवानगी लागत नाही, अर्ज, कोर्ट फीचं तिकीट, थोडे दिवस. म्हणजे ज्याचा घटस्फोट आहे त्याला कागद मिळवणं सगळ्यात सोपं आहे आणि आपण भांडतोय परक्याला कसा मिळेल ह्यावर. मुलालाच काढायला सांगा ना. आणि वडिलांशी बोलू नका, मुलाशी बोला. वडिलांना आतलं काही दिसू द्यायचं नसतं, त्यात दरवेळी लबाडी असतेच असं नाही, पुष्कळदा नुसती लाज असते.

एडिसनकर
बरोबर. ग्रीन कार्डच्या वेळी आम्हाला पण आधीचं लग्न संपल्याचा कागद द्यावाच लागला, तेव्हा नाही म्हणून कुठे जाणार. तिथे पुण्यात मुलगा नाही म्हणाला तर नाही म्हणणं हेच उत्तर समजायचं.

साधीसुधी
हे मात्र नाही पटलं. नाही म्हणणारा प्रत्येक माणूस लबाड नसतो. मी स्वतः एका स्थळाला नाही म्हटलंय, कारण त्यांनी निकालपत्र नाही, अख्खी फाईल मागितली होती, "आमच्या वकिलांना नजर टाकू द्या" म्हणे. हुकूमनामा मी पहिल्याच भेटीत पर्समधून काढून दिला होता.

कोथरूडचा_मामा
गप नव्हतो, भाचीला फोन केला होता. तिला विचारलं तुझी फाईल कुणी वाचली तर चालेल का. ती म्हणाली मामा तू वाचलीयेस का? मी म्हटलं नाही. म्हणाली आईनेपण नाही वाचलेली, मग तिसऱ्या कुणाचा प्रश्नच येत नाही, आणि फोन ठेवला. म्हणजे रागावून ठेवला.

तर साधीसुधी ताई, उत्तर नाही असं आहे. अख्ख्या फाईलचं मागे घेतो. पण एका ओळीचं मागे घेत नाही आणि घेणार पण नाही. ती ओळ कुणालाही बघता आली पाहिजे, मुलगा भला असो नसो, माझ्यासारख्याला अंगठ्याखालची तारीख विचारत बसायला लागू नये.

साधीसुधी
कुणालाही ह्या शब्दावर मी अजून अडखळतेय. ज्याच्याशी लग्न ठरतंय त्याला, हे ठीक. कुणालाही म्हणजे ऑफिसातला शेजारचा टेबलवाला पण आला. घर भाड्याने देणारा पण आला, आणि मला त्याचा अनुभव आहे, एकट्या बाईला घर देत नाहीत तेव्हा कारण काय काय शोधतात.

म्हापशेकार
आमच्याकडे दाखला काढतो तोच ज्याला काम आहे. टेबलवाल्याला सवड कुठे.

साधीसुधी
तुम्ही आमचे टेबलवाले बघितले नाहीयेत.

कोथरूडचा_मामा
दोन दिवसांनी येतोय. मुलाशी बोललो सरळ. त्याने दहा मिनिटात सीएनआर पाठवला. केस त्याच्या जिल्ह्यात नव्हतीच, बायकोच्या माहेरी होती, वकिलीण बाईंनी सांगितलं तसंच. स्टेटस बघितलं, निकाली आहे, पण आता मला त्या शब्दावर विश्वास राहिलेला नाही. त्याला तसं सांगितलं तर हसला, म्हणाला बुधवारी रजा टाकतो, तुम्हीच चला, सोबत नक्कल काढू. वडिलांनी अंगठा का ठेवला विचारलं तर म्हणाला त्यांना फोटोच नीट काढता येत नाही.

वकिलीण_बाई
छान. हुकूमनाम्यात दोन गोष्टी बघा, एकतर्फी (समोरची बाजू हजर नसताना दिलेला) आहे का, आणि तारीख. अपिलाची मुदत संपल्याशिवाय दुसरं लग्न करायचं नसतं, ९० दिवस धरून चाला. एकतर्फी असेल तर पहिल्या बायकोला नोटीस खरंच मिळाली होती का ते विचारा, नाहीतर ती नंतर येऊन तो रद्द करून मागू शकते.

कोथरूडचा_मामा
तीन वर्षं झालीत, आणि दोघांच्या सह्या आहेत म्हणतो. अर्जाला तिकीट कितीचं लावायचं?

वकिलीण_बाई
पानांवर असतं, खिडकीवर सांगतील. अर्ज त्याच्या सहीने करा, तुमच्या नको. आणि जेवणाच्या सुट्टीच्या आधी पोचा.

काडीपेटी
आणि मामा, भाचीचा फोल्डर पण घेऊन जा. तोपण मागेल.